खेळतात अकरा, निकाल एकाच्या नावावर

अमेरिकन फुटबॉलच्या आकडेवारीतला एक रकाना मला कित्येक वर्षं खटकत आला आहे. कोणत्याही खेळाडूची कारकीर्द काढून पाहा. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या नावापुढे तो किती यार्ड धावला ते असतं, झेलणाऱ्यापुढे झेल असतात, किकरपुढे किती किक साधल्या आणि किती हुकल्या ते. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू टाकून चाल चालवणाऱ्याच्या, नावापुढे मात्र या सगळ्याबरोबर आणखी एक जोडी छापतात: जिंकलेले सामने आणि हरलेले सामने. बफेलो बिल्स संघाचा क्वार्टरबॅक जिम केली याच्या नावापुढे ही जोडी १०१–५९ अशी आहे. बाद फेरीची वेगळी, ९–८. संघातल्या दुसऱ्या कुणाही खेळाडूच्या नावावर सामने असे मांडले जात नाहीत.

क्रिकेटमध्ये आपणही कर्णधाराचे जय-पराजय मोजतो. पण तो हिशोब पदाचा असतो. कर्णधार यष्टिरक्षक असेल, गोलंदाज असेल, सलामीला येत असेल. इथे हिशोब मैदानावरच्या एका जागेला कायमचा चिकटला आहे.

तो कितपत खरा, हे समजून घ्यायला मला जिम केलीइतका योग्य माणूस दिसत नाही. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं त्याचा संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत पोचला. आजवर दुसऱ्या कोणत्याही संघाला सलग चारदा तिथवर जाता आलेलं नाही. आणि चारही वेळा बफेलो हरलं.

चार प्रयत्न, दहा यार्ड

आधी खेळ. नाव फुटबॉल असलं तरी हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि बहुतेक वेळ हातात. मैदान १०० यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. दोन्ही टोकांना १०-१० यार्डांचे पट्टे, त्यांना एंड झोन म्हणतात. चेंडू घेऊन समोरच्यांच्या एंड झोनमध्ये शिरलात किंवा तिथे झेल घेतलात की टचडाउन, ६ गुण. वर एका सोप्या किकचा आणखी १. तिथवर पोचणं जमत नसेल तर लांबूनच किक मारून चेंडू दोन उंच खांबांमधून पाठवायचा. तो फील्ड गोल, त्याचे ३.

ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार प्रयत्न. तेवढ्यात १० यार्ड पुढे सरकलात तर पुन्हा चार मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांचा. खेळ वाहता नसतो, तुकड्यातुकड्यांनी चालतो: एक चाल, मग थांबणं, मग पुढची चाल. दोन चालींच्या मध्ये आज ४० सेकंद असतात. चेंडू पुढे नेणारे अकरा वेगळे, बचाव करणारे अकरा वेगळे आणि किकच्या वेळी उतरणारे पुन्हा वेगळे. म्हणजे सामन्यातला बराच वेळ क्वार्टरबॅक मैदानाबाहेर बाकावर असतो, आणि त्याचे बचावपटू खेळत असताना त्याच्या हातात काहीही नसतं. हे एवढं लक्षात असू द्या, पुढे लागेल.

अडीच सेकंदांचा माणूस

चालीची सुरुवात सेंटर करतो. तो वाकून, पायांच्या मधून चेंडू मागे देतो. याला स्नॅप म्हणतात. सेंटरच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन धिप्पाड गडी असतात. या पाच जणांचं काम एकच: समोरून धावून येणाऱ्यांना अडवायचं, म्हणजे मागे उभ्या असलेल्या क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला वेळ मिळेल. किती वेळ? साधारण अडीच ते तीन सेकंद. एखाद्या गड्याच्या हातून समोरचा निसटला, तर क्वार्टरबॅक चेंडूसकट आडवा. उजव्या हाताने चेंडू टाकणाऱ्याची पाठ डावीकडे वळलेली असते, तिकडून येणारा त्याला दिसतच नाही. क्वार्टरबॅक डावीकडच्या टोकाच्या गड्यावर अक्षरशः पाठ टाकून उभा असतो.

या पाच जणांना एरवी पास झेलायचीही परवानगी नसते. सामना संपल्यावर त्यांच्या नावापुढे जवळजवळ काहीच छापून येत नाही. त्यांची आठवण होते ती फक्त ते चुकल्यावर.

कबड्डी पाहिलेल्या माणसाला हे पटकन समजेल, फक्त उलटं करून बघा. कबड्डीत चढाई करणारा एकटा पलीकडे जातो आणि त्याचे सोबती आपल्या अंगणात थांबतात. इथे क्वार्टरबॅक जवळजवळ जागच्या जागी उभा असतो आणि त्याचे सोबती पलीकडे घुसतात. निर्णय एकट्याचा, पण तो खरा करणारे हात-पाय दुसऱ्यांचे.

माझ्या मते खेळातला सगळ्यात सुंदर भाग यापुढचा आहे. टीव्हीवर वाटतं, क्वार्टरबॅक मोकळा सोबती शोधतो आणि त्याच्याकडे चेंडू टाकतो. चांगल्या पातळीवर असं फार कमी वेळा घडतं. सोबती मोकळा दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. म्हणून चेंडू टाकायचा तो जिथे सोबती अजून पोचलेलाच नाही अशा जागी. तो पाठमोरा धावतोय, अमुक पावलांवर वळणार आहे, आणि त्याने मान वळवायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला आहे. तो वळतो तेव्हा चेंडू समोर असतो. कधी कधी तर धावायची दिशाही आधी पक्की नसते. समोरचा बचावपटू आत उभा असेल तर बाहेर वळायचं, बाहेर असेल तर आत. हे क्वार्टरबॅकने आणि झेलणाऱ्याने, पंधरा-वीस यार्डांच्या अंतरावरून, एकमेकांशी न बोलता, एकाच क्षणी सारखंच वाचायचं असतं. केलीने व्यावसायिक खेळाची सुरुवात ह्यूस्टन गॅम्बलर्समध्ये केली, तो संघ नेमक्या याच पद्धतीने खेळायचा.

आता समजा एकाने आत वाचलं आणि दुसऱ्याने बाहेर. चेंडू रिकाम्या जागेत जातो आणि समोरचा बचावपटू आयता झेल घेतो. याला इंटरसेप्शन म्हणतात. चूक झेलणाऱ्याची असू शकते, अडवणाऱ्याची असू शकते, दोघांच्या समजुतीतली असू शकते. नोंद मात्र क्वार्टरबॅकच्या नावावर.

बिनसलेलं घर

दरवर्षी संघ कॉलेजमधले नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. १९८३ च्या निवडीत पहिल्या फेरीत सहा क्वार्टरबॅक घेतले गेले. बफेलोने निवडलेला केली त्यातला एक. थंडीने गारठणाऱ्या बफेलोत जायची त्याची इच्छा नव्हती, म्हणून तो ह्यूस्टनला, वेगळ्या लीगमध्ये गेला. ती लीग बंद पडल्यावर १९८६ मध्ये त्याला बफेलोतच यावं लागलं. त्याच वर्षी केंट हल नावाचा सेंटर संघात आला. पुढची अकरा वर्षं केलीच्या हातात चेंडू बहुतेक वेळा हलच्याच हातून आला.

संघ हळूहळू चांगला होत होता. मग १९८९ चा हंगाम आला. ऑक्टोबरमधल्या एका सामन्यात उजवीकडचा गडी हॉवर्ड बॅलर्ड याच्या बाजूने समोरचा आत घुसला, त्याने केलीला आपटलं आणि केलीचा खांदा निखळला. दुखण्याने आणि चिडीने भरलेल्या केलीने पत्रकारांसमोर बॅलर्डचं नाव घेऊन त्याच्यावर खापर फोडलं.

वरवर पाहता त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. अडवणं चुकलंच होतं. पण जो माणूस दर रविवारी आपल्याला सांभाळतो त्याला चारचौघांत नाव घेऊन चुकीचं ठरवायचं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्याच्याच भरवशावर उभं राहायचं, हे जमणारं नव्हतं. धावपटू थर्मन थॉमसने टीव्हीवर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना सांगून टाकलं की संघात सुधारणा हवी असेल तर ती क्वार्टरबॅकच्या जागी हवी. दोन सहायक प्रशिक्षकांची आपसात हाणामारी झाली. वर्तमानपत्रांनी संघाला 'भांडकुदळ बिल्स' अशा अर्थाचं नाव ठेवलं.

भांडण मिटलं, आणि ते भाषणाने मिटलं असं मला वाटत नाही. कामाची पद्धत बदलल्याने मिटलं. जानेवारी १९९० मध्ये क्लीव्हलंडविरुद्धच्या बाद फेरीत बफेलो मागे पडलं होतं. वेळ वाचवायला केलीने चालींच्या मधली घोळक्यातली सल्लामसलत बंद केली आणि रांगेत उभ्या उभ्या ओरडून चाली सांगायला सुरुवात केली. सामना ३०–३४ असा गेला, अगदी शेवटच्या क्षणी. पण समोरच्या बचावाची तारांबळ सगळ्यांनी पाहिली होती. पुढच्या वर्षी प्रशिक्षक मार्व लेव्ही यांनी हीच पद्धत पूर्ण सामन्यासाठी उचलली. आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो आणि प्रशिक्षक बाहेरून चाल सांगतात. ही सोय १९९४ मध्ये आली. त्याआधी बाहेरून चाल आली तरी खुणांनी किंवा निरोप्याकरवी, आणि बफेलोत तर लेव्हींनी चाली ठरवायचं काम केलीवरच सोडलं होतं. हल समोरच्यांची रांग बघून अडवणाऱ्यांना हाका देणार, केली मागचा बचाव वाचणार, थॉमस आणि झेलणारे आंद्रे रीड, जेम्स लॉफ्टन आपापलं वाचणार. या घाईत कुणावर खापर फोडायला उसंतच नव्हती. ज्याचं जे काम ते त्याने केलं तरच पुढची चाल निघत होती.

१९९० चा साखळी हंगाम १३–३. उपांत्य सामन्यात रेडर्सना ५१–३ ने धुतलं. संघ सुपर बोलमध्ये.

एका गुणाचा हिशोब

२७ जानेवारी १९९१, टॅम्पा, फ्लोरिडा. समोर न्यूयॉर्क जायंट्स. ही लढत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे, कारण 'कुणामुळे हरले' या प्रश्नाचं उत्तर तिच्यात जितकं उलगडत जातं तितकं दुसरीकडे कुठेच नाही.

शेवट आधी सांगतो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो. जायंट्स २०, बिल्स १९. आठ सेकंद उरलेले. बफेलोचा किकर स्कॉट नॉरवूड ४७ यार्डांवरून किक मारायला येतो. बॅकअप क्वार्टरबॅक फ्रँक राइक गुडघ्यावर बसून चेंडू धरतो. किकची उंची बरोबर, लांबी बरोबर, पण चेंडू उजव्या खांबाच्या बाहेरून जातो. संपलं. तेव्हापासून 'वाइड राइट' हे दोन शब्द त्या शहरात दुखऱ्या नसेसारखे आहेत.

आता मागे जाऊ. सामन्याचे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग असतात, त्यांना क्वार्टर म्हणतात. दुसऱ्या क्वार्टरमध्ये बफेलोचा ब्रूस स्मिथ जायंट्सच्या क्वार्टरबॅकपर्यंत, जेफ हॉस्टेटलरपर्यंत, त्याच्याच एंड झोनमध्ये पोचला. त्याने हॉस्टेटलरचं उजवं मनगट पकडलं, ज्या हातात चेंडू होता तेच. हॉस्टेटलरने पडता पडता चेंडू कसाबसा अंगाशी धरून ठेवला. चेंडूवाला स्वतःच्याच एंड झोनमध्ये पाडला गेला की ती सेफ्टी; बफेलोला तिचे २ गुण मिळाले. चेंडू निसटला असता आणि बफेलोच्या कुणी त्यावर झेप घेतली असती तर ६ मिळाले असते. सामना एका गुणाने गेला.

तिसऱ्या क्वार्टरची सुरुवात. जायंट्सचा तिसरा प्रयत्न, १३ यार्ड हवेत. मार्क इंग्रॅमने अगदी जवळच झेल घेतला. तिथेच तो पाडला गेला असता तर ती चढाई तिथेच अडली असती. पण एक हुकला, दुसरा घसरला, तिसऱ्याच्या हातून निसटला. पाच जणांना चुकवत इंग्रॅम १४ यार्ड गेला. गरजेपेक्षा फक्त एक यार्ड जास्त. ती चढाई ९ मिनिटं २९ सेकंद चालली आणि टचडाउनवर संपली. एवढा सगळा वेळ केली बाकावर बसून होता. साठ मिनिटांच्या खेळात जायंट्सकडे चेंडू ४० मिनिटं ३३ सेकंद होता.

ही जायंट्सची आखणीच होती. त्यांच्या बचावाचे सूत्रधार तेव्हा बिल बेलिचिक होते. त्यांनी मागे जास्त माणसं ठेवली, केलीचे लांबचे पास बंद केले आणि थॉमसला धावायची मोकळीक दिली. थॉमस १३५ यार्ड धावला, अप्रतिम खेळला. दुसरीकडे जायंट्सचे चेंडू पुढे नेणारे गडी घड्याळ खात बसले. बफेलोची घाईची पद्धत इथे त्यांच्यावरच उलटली: आपण झटपट खेळून मोकळे होतो तेव्हा आपल्याच बचावपटूंना धाप टाकत लगेच परत उतरावं लागतं. केलीच्या खेळाची किंमत स्मिथ आणि त्याचे सोबती मोजत होते. ही कुणाची चूक म्हणायची? केलीने त्या सामन्यात एकही चेंडू समोरच्यांना दिला नाही. शेवटची चढाई त्याने स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेपासून, २ मिनिटं १६ सेकंद उरलेली असताना सुरू केली आणि संघाला किकच्या टप्प्यात आणलं. पण आणखी पाच-सात यार्ड तो आणू शकला असता तर नॉरवूडची किक सोपी झाली असती, असंही म्हणता येतंच. नॉरवूड वर्षभर घरच्या मैदानावर कृत्रिम गवतावर किक मारत होता, टॅम्पाचं गवत खरं होतं. ४७ यार्ड हे अंतर तेव्हा हमखास मानलं जात नव्हतं.

असे धागे काढत बसलं की एका गुणाच्या पराभवात निदान पंधरा माणसं सापडतात. त्यातल्या कुणीही एक गोष्ट किंचित वेगळी केली असती तर नॉरवूडवर ती वेळ आली नसती. केलीने पुढे कधीही तो पराभव नॉरवूडच्या माथी मारला नाही. हा तोच माणूस, ज्याने सव्वा वर्षापूर्वी बॅलर्डचं नाव घेतलं होतं. मला हा फरक त्याच्या सगळ्या पासांपेक्षा मोठा वाटतो.

नॉरवूड त्या रात्री ड्रेसिंग रूममधून पळून गेला नाही. पत्रकारांचे घोळकेच्या घोळके येत राहिले आणि तो प्रत्येकाला उत्तर देत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी बफेलोतल्या नायगारा चौकात हजारो लोक जमले, हरून आलेल्या संघाच्या स्वागताला, जानेवारीच्या थंडीत. भाषणं चालू असताना गर्दीतून घोषणा उठली, 'आम्हाला स्कॉट हवा'. नॉरवूड मागे उभा होता. त्याला पुढे यावं लागलं. बोलताना त्याचा आवाज कापत होता.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर चित्र खोटं ठरेल. पुढच्या वर्षीच्या उपांत्य लढतीत बफेलोने डेन्व्हरला १०–७ ने हरवलं, आणि तो तीन गुणांचा फरक नॉरवूडच्याच ४४ यार्डांच्या किकने पडला. दुसऱ्या सुपर बोलचं दार त्याने उघडलं. तरीही तो हंगाम संपल्यावर संघाने नवा किकर घेतला आणि नॉरवूडची कारकीर्द संपली. लोकांनी त्याला जवळ घेतलं होतं; व्यावसायिक संघ तसा चालत नाही.

तो दुसरा सुपर बोल वॉशिंग्टनविरुद्ध २४–३७ असा गेला. केलीने तब्बल ५८ पास टाकले, त्यातले चार समोरच्यांनी झेलले. तो दिवस केलीचा नव्हता, आणि हे तितक्याच सरळपणे म्हणायला हवं.

बाकावरचा माणूस

डिसेंबर १९९२. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात ह्यूस्टन ऑइलर्सनी बफेलोला हरवलं आणि केलीचा गुडघा दुखावला. आठवड्याभरात, ३ जानेवारी १९९३ ला, बफेलोच्या मैदानावर बाद फेरीत पुन्हा तेच ऑइलर्स समोर. केली साध्या कपड्यांत कडेला. मैदानात फ्रँक राइक, तोच, ज्याने नॉरवूडसाठी चेंडू धरला होता.

मध्यांतराला २८–३. मध्यांतरानंतर लगेच राइकचा पास समोरच्याने झेलला आणि टचडाउन केलं. ३५–३. थॉमसही दुखापतीने बाहेर. लोक उठून घरी निघाले. तिकिटं संपली नसल्याने बफेलोत सामना टीव्हीवरही दिसत नव्हता.

मग थॉमसच्या जागी आलेल्या केनेथ डेव्हिसने एक टचडाउन केलं. गुण मिळवल्यावर किक मारून चेंडू समोरच्यांना द्यायचा असतो; ती किक मुद्दाम आखूड मारून नव्या किकरने, स्टीव्ह ख्रिस्टीने, स्वतःच झेप घेऊन चेंडू मिळवला. डॉन बीबीला लांब पास, टचडाउन. आंद्रे रीडला पास, टचडाउन. पुन्हा रीड. सात मिनिटांच्या आत २८ गुण. बाहेर पडलेले लोक कुंपणांवरून चढून परत आत येऊ लागले. जादा वेळेत नेट ओडम्सने ऑइलर्सचा पास झेलला, ख्रिस्टीने ३२ यार्डांवरून किक साधली, ४१–३८. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढल्याचा हा विक्रम डिसेंबर २०२२ पर्यंत टिकला.

राइकने १९८४ मध्ये कॉलेजसाठी खेळतानाही असंच केलं होतं, तेही बाकावरून उठून: मेरीलंड मध्यांतराला मायामीविरुद्ध ०–३१ ने मागे होतं आणि ४२–४० ने जिंकलं. ते मायामी म्हणजे केलीचंच जुनं विद्यापीठ. बॅकअप क्वार्टरबॅकचं काम काय असतं, हे सांगायला मला याहून चांगलं उदाहरण ठाऊक नाही. तो आठवडाभर सगळी तयारी करतो, प्रत्येक चाल पाठ करतो, आणि बहुतेक रविवारी त्यातलं काहीच वापरत नाही.

पुढच्या आठवड्यात राइकने पिट्सबर्गलाही हरवलं, २४–३. मग केलीचा गुडघा बरा झाला. केली मैदानात, राइक पुन्हा बाकावर. त्याने तक्रार केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. पुढे २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सनी पॅट्रियट्सना ४१–३३ ने हरवलं तेव्हा राइक ईगल्सच्या चढाईचा प्रशिक्षक होता, आणि मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी असल्याने त्या दिवशी जिंकून देणारा निक फोल्स बॅकअप होता. बाकावरून उठून येणाऱ्याला काय सांगावं लागतं, हे राइकइतकं कुणाला माहीत असणार!

रकान्यात न बसणारं

सुपर बोल भारतात सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. मी तो पाहून कामावर जातो, आणि कुणी विचारलं की माझ्याही तोंडून क्वार्टरबॅकचंच नाव निघतं, 'ब्रेडी जिंकला', 'महोम्स हरला'. भाषेलाच ते वळण पडलं आहे. पण जानेवारी २०२२ मधली एक रात्र मला विसरता येत नाही. बफेलोचा आजचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन याने कॅन्सस सिटीविरुद्ध चार टचडाउन पास टाकले आणि १३ सेकंद उरलेली असताना संघाला ३६–३३ अशी आघाडी मिळवून दिली. त्या १३ सेकंदांत कॅन्सस सिटीने बरोबरी साधली. जादा वेळेत नाणेफेक त्यांनी जिंकली, चेंडू त्यांना मिळाला, त्यांनी टचडाउन केलं आणि तेव्हाच्या नियमानुसार सामना तिथेच संपला. ४२–३६. जादा वेळेत अ‍ॅलनच्या हाताला चेंडू लागलासुद्धा नाही. रकान्यात ती हार अ‍ॅलनची. दोन महिन्यांनी लीगने बाद फेरीसाठी नियम बदलला, आता दोन्ही संघांना चेंडू मिळतो. रकाना मात्र तसाच आहे.

केलीच्या ९–८ मध्येही असंच आहे. ऑइलर्सविरुद्धचा तो अचाट विजय त्यात नाही, कारण सुरुवात राइकने केली होती. आणि त्याच महिन्यातला तिसरा सुपर बोल त्यात आहे. ३१ जानेवारी १९९३, पॅसाडेनाचं रोझ बोल मैदान, समोर डॅलस काउबॉइज. दुसऱ्याच क्वार्टरमध्ये केलीचा गुडघा पुन्हा गेला आणि तो बाहेर बसला. उरलेला सामना राइक खेळला. बफेलोने त्या दिवशी नऊ वेळा चेंडू गमावला.

शेवटची काही मिनिटं उरली होती. डॅलस ५२, बफेलो १७. राइकच्या हातून चेंडू सुटला आणि डॅलसच्या लिऑन लेटने तो उचलला. समोर ६४ यार्ड मोकळं मैदान. लेट धावत सुटला. टचडाउन झालं असतं तर डॅलसचे सुपर बोलच्या इतिहासातले सर्वाधिक गुण झाले असते. बफेलोसाठी त्याने काहीच फरक पडणार नव्हता. बफेलोचे बहुतेक खेळाडू थांबले होते.

डॉन बीबी त्या चालीत मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पास झेलायला निघाला होता. तो वळला आणि लेटच्या मागे धावू लागला. लेटला वाटलं आपण पोचलोच. त्याने वेग कमी केला आणि चेंडू धरलेला उजवा हात बाजूला लांब केला. रेषेपासून यार्डभर अलीकडे मागून बीबीचा हात आला आणि चेंडू उडाला. तो एंड झोनमधून बाहेर गेला, टचडाउन झालं नाही. फलकावर ५२–१७ तसंच राहिलं. बीबी उठला आणि आपल्या माणसांकडे परत चालत गेला.